पाठराख्याच्या वर्दीची आणि तात्यांच्या मानाची हकिकत

श्रीस्मरण प्रसन्न. विसरणारास वंदन, आठवण ठेवणारास त्याहून अधिक वंदन, आणि आठवणीची दुसरी प्रत करून परगावी ठेवणारास साष्टांग दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले आहे. लिहिणाराचे नाव विचारू नये. राज्याचेही विचारू नये. नाव निघाले की लगेच दहा जण म्हणतील, ही तर आमच्याच कचेरीची गोष्ट, आणि दहाही जण खरेच बोलत असतील.

तर ऐसे एक राज्य होते आणि त्या राज्यात थोरले दप्तर होते. पूर्वी दप्तर म्हणजे रुमाल आणि बासने, वाळवी आणि उंदीर. मग काळ पालटला, कागद गेले आणि सारी विद्या एका लोखंडी कपाटात जाऊन बसली, त्यास लोक सर्व्हर म्हणू लागले. कोणाचे लेकरू कोणत्या दिवशी जन्मले, कोणाचे शेत कोणत्या ओढ्यापर्यंत, कोणत्या विहिरीवर कोणाची पाळी, कोण लग्न लावून सुखी जाहला आणि कोण नुसताच लग्न लावून राहिला, हे सर्व त्या कपाटास ठाऊक, आणि दुसऱ्या कोणासही ठाऊक नाही. मग जाणत्यांनी मनसुबा केला की, कपाट एकच, त्याचे काही बरेवाईट जाहले तर राज्य एका दिवसात आंधळे होईल, सबब दुसरे कपाट डोंगरापलीकडे ठेवावे आणि थोरल्या दप्तराची नक्कल रोज दोन प्रहरी तिकडे जावी. शिकलेसवरलेले त्यास बॅकअप सर्व्हर म्हणत. दरबारात त्याचे नाव पाठराखा. हा पाठराखा ज्यांनी उभा केला ते विसाजीपंत, ज्यांस सारे राज्य तात्या म्हणे. त्यांनी जागा पाहिली, वायरी ओढविल्या, पावसाळ्यात छत गळले तेव्हा स्वतःची छत्री त्या कपाटावर धरून उभे राहिले आणि आपण भिजले. ऐसे पुरुष आता होणे नाही.

पाठराख्याचा स्वभाव अबोल. नक्कल सुखरूप पोहोचली तर हूं की चूं नाही. काही बिघडले तरच मोबाइलवर वर्दी द्यावयाची. कपाट तापले तर वर्दी चौकीदारांस, वीज गेली तर वीजवाल्यांस, आणि नक्कल अडकली तर तात्यांस. कोणती वर्दी कोणाकडे, हे पाठराख्याच्या सेटिंगांत लिहून ठेविलेले. आणि त्या राज्याची चाल ऐसी होती की, वाईट बातमी पहिल्याने वडीलधाऱ्याने ऐकावी, मग धाकट्यांस सांगावी; आणि मानाचे नाव एकदा लिहिले म्हणजे माणूस हयात असेतो खोडणे नाही. चाल मोठी देखणी. मग पुढे तात्यांची नोकरी पुरी जाहली, दरबाराने शाल दिली, श्रीफळ दिले, डोळे पुसले, आणि तात्या आपल्या गावी जाऊन झोपाळ्यावर बसले. आणि वर्दीही त्यांच्याच मागे गावी गेली. हे कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण पाठराखा गप्प होता, आणि गप्प म्हणजे खुशाल ऐसे सारे समजत होते.

तात्यांमागे पाठराख्याची सबनिशी मैनाबाईंकडे आली. बाई कामास चोख, बोलण्यास त्याहून चोख; तात्यांच्याच हाताखाली तयार जाहलेल्या, आणि तात्यांचे नाव निघाले की पदर सावरून बसावयाच्या. मार्गशीर्षात थोरले दप्तर जुन्या तळघरातून नव्या इमारतीत हलवावयाचे ठरले. त्यासाठी ते बंद करणे आले, आणि म्हातारे कपाट एकदा झोपविले तर पुन्हा उठेल की नाही, हे ब्रह्मदेवही सांगू शकेना. म्हणोन ठराव जाहला की, हलविण्यापूर्वी मैनाबाईंनी सही करावी की पाठराखा सावध आहे, सर्व नक्कल त्याजपाशी आहे. त्या सहीवर राज्याचे सर्वस्व. बाईंनी मान डोलाविली, आणि त्याच आठवड्यात तात्यांचे सहस्रचंद्रदर्शन निघाले म्हणोन लुगड्याची घडी मोडून त्यांच्या गावी गेल्या.

सोहळा थाटाचा जाहला. सुवासिनींनी ओवाळिले, तात्यांच्या डोळ्यांस पाणी आले, जेवणे उरकली, आणि तात्या झोपाळ्यावर येऊन बसतात तोच त्यांचा मोबाइल किणकिणला. तात्यांनी तो उचलिला, कपाळास लाविला आणि खाली ठेविला. मैनाबाईंस नवल वाटले. त्यांनी विचारिले, "तात्या, कोणाचा निरोप?"

तात्या म्हणाले, "अगं, तुझ्या पाठराख्याचा. दसऱ्यापासून रोज या वेळेला येतो, एक दिवस चुकला नाही. नोकरीत होतो तेव्हा वर्षाकाठी एखादा यायचा. आता म्हातारपणी माझी रोज आठवण काढतो बघ. अक्षर काही दिसत नाही मला, पण मी आपला नमस्कार करतो."

मैनाबाईंनी मोबाइल हाती घेतला. तेथे लिहिले होते: नक्कल अडकली, कोठीत जागा नाही. त्याच्या वरती तेच. त्याच्याही वरती तेच. दसऱ्यापासून तेच. बाईंच्या पायांखालची वाळू सरकली. राज्यात तितक्या दिवसांत जे जे जन्मले, जे जे मेले, जे जे विकले गेले, त्याची दुसरी प्रत जगात कोठेही नव्हती, आणि पाठराखा रोज ओरडून सांगत होता, आणि रोज त्यास नमस्कार मिळत होता.

"काय म्हणतो गं?" तात्यांनी विचारिले.

बाईंच्या ओठांपर्यंत आले होते. पण समोर ओवाळणीचे तबक, कपाळी ओले कुंकू, आणि तात्यांचा तो आनंद. त्या म्हणाल्या, "खुशाल आहे म्हणतो, तात्या." आणि हातातले पान तसेच टाकून परतल्या, थेट डोंगरापलीकडे पाठराख्यापाशी गेल्या, कोठीत वर्षानुवर्षांच्या जुन्या नकला साठल्या होत्या त्या काढिल्या, जागा केली, आणि नक्कल वाहू लागलेली डोळ्यांनी पाहिली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. पण अर्धाच पडला.

कारण वर्दीचे काय? दुसरे दिवशी त्यांनी दरबारात सर्व निवेदन केले. दिवाण त्र्यंबकराव हा भला गृहस्थ, कोणास दुखविणे त्याच्या जिवावर येई. तो म्हणाला, "बाई, आता चालू झाली ना नक्कल? मग झाले तर."

बाई म्हणाल्या, "आज चालू आहे साहेब. उद्या अडकली तर तो सांगणार कोणाला? तात्यांना. आणि तात्या काय करणार?"

दिवाणाने दार लोटून घेतले. मग म्हणाला, "नाव खोडायचे म्हणता? तात्यांचे? बाई, सरकार ते करणार नाही. मान तात्यांचा, सोडायचा तर त्यांनीच सोडावा, त्यांच्या हाताने. आणि दुसरे, त्या सेटिंगांस हात लावणे नाही असा हुकूम आहे, हे विसरलात काय? अंताजीचे काय झाले ते आठवा."

अंताजीचे सर्वांस आठवत होते. अंताजी हा दप्तराच्या फडातला, म्हणजे कचेरीतला, कारकून, हुशार आणि हौशी. पूर्वी एकदा वीजवाल्यांचा मोबाइल नंबर बदलला म्हणोन याने आपल्या हाताने सेटिंग बदलले, नवा नंबर लिहिला, जतन केले आणि मिशीवर ताव देऊन चहास गेला. नंबर बसला खरा, पण तेवढाच बसला. चौकीदारांची ओळ पुसली गेली. मग वैशाखात कपाट तापून तापून लाल जाहले तरी कोणास वर्दी नाही, शेवटी जळका वास सुटला तेव्हा माणसे धावली. तेव्हापासून दुधाने तोंड पोळलेल्यासारखे सारे ताकही फुंकून पीत, आणि अंताजी तर सेटिंग हा शब्द निघाला की उठून बाहेर जाई.

तेव्हा बाई दोहींकडून अडकल्या. न बदलावे तर सही खोटी, आणि हलविताना काही जाहले तर राज्य बुडाले. बदलावे तर गुरूचे नाव आपल्या हाताने खोडणे आले, आणि हात चुकला तर आणखी काय पुसले जाईल याचा नेम नाही. बाई घरी जाऊन भाजी निवडीत बसल्या आणि निवडलेली भाजी केरात टाकून देठ शिजविले, इतके त्यांचे मन ठिकाणावर नव्हते.

आता येथून पुढे जे लिहावयाचे त्यास लेखणी थोडी आदराने धरिली पाहिजे. दरबारात अलीकडे एक हुकूमबरदार ठेविला होता. हा मनुष्य नव्हे, प्रोग्राम. त्यास पगार नाही, पानतंबाखू नाही, दुपारची वामकुक्षी नाही. त्याची रीत ऐसी की, काय करावे ते त्यास सांगावयाचे नाही. शेवटी काय असावे तेवढे लिहून द्यावयाचे. मग तो आपण होऊन पाठराख्याकडे जाई, आहे काय ते पाही, असावे काय ते ताडून पाही, आणि जितका फरक तितकाच बदली. नवी कपाटे मांडताना त्याचा उपयोग करीत; पाठराख्याच्या वर्दीस त्याचा हात कोणी लाविला नव्हता. मैनाबाईंनी मनात धरिले की, आपला हात चुकेल, याचा चुकणार नाही; आणि मनाई तर माणसाच्या हातास आहे. त्यांनी अंताजीस हाक मारिली. तो म्हणाला, "बाई, मला यात घेऊ नका." बाई म्हणाल्या, "एकदा चटका बसलेला माणूसच मला शेजारी हवा. बस." मग तो बसला, पण खुर्चीच्या काठावर.

बाईंनी लिहिले: नक्कल अडकल्याची वर्दी मैनाबाई सबनीस यांस जावी. आणि हुकूमबरदारास सोडिले. तो क्षणात गेला आणि क्षणात आला, आणि पडद्यावर त्याचे उत्तर उमटले: काहीही बदललेले नाही, आधी दाखवितो. येतील ते: मैनाबाई. जातील ते: तात्या, चौकीदार, वीजवाले.

अंताजीने पडद्यावर बोट ठेविले. तो म्हणाला, "बाई, हेच. हेच माझ्या हातून झालं होतं. पाठराखा लिहिलं तेवढंच ठेवतो, न लिहिलेलं टाकून देतो. मला कोणी दाखवलंच नव्हतं हो." बाईंनी त्याच्याकडे पाहिले नाही, म्हणजे त्यास डोळे पुसता यावे. या लेखकाने हुकूम देणारे पाहिले, हुकूम मानणारे पाहिले, हुकूम मानल्यासारखे करणारे तर उदंड पाहिले. पण हुकूम देणारासच जरा थांबा, पुन्हा पाहा म्हणणारा चाकर जन्मात पाहिला नव्हता. कैसे हे नवल म्हणावे. मग बाईंनी हुकूम पुरता लिहिला, चौकीदार जैसे होते तैसे, वीजवाले जैसे होते तैसे, आणि पुन्हा सोडिला. उत्तर आले: येतील ते मैनाबाई. जातील ते तात्या. बाकी जैसे थे. जुन्या सेटिंगांची प्रत बाजूस काढून ठेविली आहे, पस्तावा जाहल्यास परत बसवू. करू काय? आणि खाली दोन शब्द, होय आणि नाही. अंताजी पहिल्यानेच खुर्चीत नीट टेकून बसला.

पण बाईंचे बोट होय या शब्दापाशी जाऊन थांबले. दिवाणाचे बोल कानात होते, आणि खरे सांगावे तर दिवाण नसता तरी ते बोट थांबलेच असते. त्यांनी लॅपटॉप तसाच मिटला, पिशवीत घातला आणि तात्यांचे गाव गाठिले.

तात्या झोपाळ्यावर होते. सूनबाई वेणूने पाणी दिले. बाई ते प्याल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तात्या, मी त्या दिवशी खोटं बोलले. तो खुशाल आहे म्हणत नव्हता."

"मग काय म्हणत होता?"

"अडकलो म्हणत होता. जागा नाही म्हणत होता. दसऱ्यापासून."

झोपाळा थांबला. वेणू दारातच उभी राहिली. मग तात्या म्हणाले, "आणि मी नमस्कार करत होतो."

"तुम्हाला दिसत नव्हतं तात्या."

"मला दिसत नव्हतं, ते माझं. पण मला दिसत नाही, हे तुम्हाला तर सगळ्यांना दिसत होतं ना? मग नाव का ठेवलंत?"

"मान म्हणून."

"अगं, तो तिकडं जीव तोडून हाका मारतोय, आणि तुम्ही त्याच्यासमोर बहिरा बसवून ठेवलात. आणि म्हणे मान." तात्या रागावले होते, आणि त्या रागात लाज होती, आणि ती लाज पाहून मैनाबाईंस रडू कोसळले. तात्यांनी त्यांस रडू दिले. मग हात पुढे केला. "आण ते. काय लिहिलंय त्यात? मोठ्या अक्षरात कर."

बाईंनी अक्षर मोठे केले आणि तात्यांनी नाकाजवळ धरून एकेक शब्द वाचिला. येतील ते मैनाबाई. जातील ते तात्या. वाचून ते हसले. म्हणाले, "जातील ते तात्या. बरोबर लिहिलंय. जायचं तर सगळ्यांनाच आहे. यानं निदान आधी विचारलं." आणि चौकीदारांचे नाव आहे ना, वीजवाल्यांचे आहे ना, जुनी प्रत कोठे ठेविली, असे एकेक विचारून घेतले, कारण कितीही झाले तरी पाठराखा त्यांच्या हातचा. मग आपले बोट होय या शब्दावर ठेविले. वेणूने आधार द्यावा म्हणोन हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे, हे माझं मला करू दे." आणि दाबिले.

हुकूमबरदार गेला आणि आला. केले म्हणाला. आणि नुसते केले म्हणून थांबला नाही, तर पाठराख्यास सांगून एक लटकी वर्दी सोडविली, म्हणजे ती खरोखर पोहोचते की नाही ते कळावे. मैनाबाईंच्या पिशवीत मोबाइल किणकिणला: ही चाचणी आहे, घाबरू नये. तात्यांचा मोबाइल उशीशेजारी पडला होता तो गप्प राहिला. तात्यांनी त्याच्याकडे एकवार पाहिले. त्या पाहण्याचे वर्णन हा लेखक करू शकत नाही. मग जुना कामगार जागा जाहला आणि म्हणाला, "परत दाब. दोनदा दाबलं तर दोनदा लिहील, बघ." बाईंनी तोच हुकूम पुन्हा सोडिला. उत्तर आले: जैसे असावे तैसे आहे, बदलण्यासारखे काही नाही. तात्यांनी तोंडात बोट घातले. "शाबास," म्हणाले, "माणसाला एकदा सांगितलं की तो एकदाही करत नाही, नाहीतर दहादा करून ठेवतो. हा तर झालेलं पुन्हा करत नाही. मैने, हा खरा नोकर."

मग थोरले दप्तर हलविण्याचा दिवस उगवला. मैनाबाईंनी सही केली, आणि ती आता खोटी नव्हती. तळघरात हमाल आले, गाड्या आल्या, दिवाण त्र्यंबकराव नवा फेटा बांधून उभा. शेवटची नक्कल निघाली आणि ती पोहोचली की कपाट बंद करावयाचे. पाठराखा गप्प होता, आणि दिवाण समजला की गप्प म्हणजे खुशाल, आणि त्याने बटणाकडे बोट केले. तोच बाईंच्या हातात मोबाइल किणकिणला: नक्कल अडकली. बाई म्हणाल्या, "थांबा. कोणीही कशालाही हात लावू नका." दिवाण म्हणाला, "बाई, मुहूर्त टळतो." बाई म्हणाल्या, "टळू द्या." मग शोध जाहला, आणि निघाले ते इतकेच की एका हमालाने गाडीस वाट करावी म्हणोन वायर पायाने सरकविली होती आणि तिचे टोक निसटले होते. टोक बसविले, नक्कल पुन्हा वाहू लागली आणि शेवटची नोंददेखील पलीकडे पोहोचली. मग कपाट बंद केले, उचलिले, नव्या इमारतीत नेऊन मांडिले, कळ दाबिली, आणि म्हातारे कपाट उठले नाही. पुन्हा दाबिली. उठले नाही. गरम केले, गार केले, कोणी नारळ फोडिला, तेव्हाही नाही. थोरले दप्तर तेथेच संपले.

दिवाणाने नवा फेटा काढून खाली ठेविला. मैनाबाईंनी नवे कपाट पुढे ओढविले आणि पाठराख्यास आज्ञा दिली की, आता तुझ्यापाशी आहे ते सारे दे. आणि पाठराख्याने दिले. शेते आली, ओढे आले, विहिरींच्या पाळ्या आल्या, लेकरे आपापल्या जन्मदिवसांसह आली, आणि सर्वांच्या शेवटी त्याच सकाळी नोंदलेले एक जुळे आले, ज्याचे अजून बारसेही जाहले नव्हते. आंधळे जाहलेले राज्य सूर्य मावळण्याच्या आत पुन्हा पाहू लागले. ज्यांनी ते पाहिले ते जागचे हलले नाहीत. अंताजीने नकळत पायांतल्या वहाणा काढून ठेविल्या.

मग दरबारात मैनाबाईंस शेला देण्याचे ठरले. त्या म्हणाल्या, नंतर पाहू, आणि तात्यांच्या गावी गेल्या. झोपाळ्यासमोर उभ्या राहून सर्व मजकूर सांगितला की, थोरले उठले नाही, पण पाठराख्यापाशी सर्व होते. तात्यांनी ऐकून घेतले. मग विचारिले, "वर्दी आली?"

"आली."

"कोणी घेतली?"

"मी घेतली तात्या."

"ओ दिलीस?"

"दिली."

तात्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि झोपाळ्यावरून हळूच उतरून उभे राहिले. जन्मभर ज्यांनी मैनाबाईंस मैने आणि अगं म्हटले, ते म्हणाले, "वेणू, पाट मांड. अहो मैनाबाई, बसा. दमला असाल." बाई नको नको म्हणत असता त्यांनी आपण होऊन पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेविला, आणि बाईंनी तो दोन्ही हातांनी उचलून कपाळास लाविला.

येणेप्रमाणे पाठराख्याची वर्दी तात्यांकडून मैनाबाईंकडे गेली, दुसरे काही पुसले गेले नाही, आणि राज्य वाचले. त्या राज्यात आता कोणी शाल-श्रीफळ घेऊन निघाले की त्याच दिवशी, त्याच्याच हाताने, त्याचे नाव वर्दीतून काढवितात आणि मग पंगत बसते. ऐकिले तैसे लिहिले. अधिक-उणे जाहले असल्यास थोरांनी पदरात घ्यावे. लेखन संपूर्ण.